औषध आणि अधिकार

रोगावर औषध सापडणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये पेटंट आणि शासकीय मान्यता असे दोन उंबरठे असतात.

पेटंट म्हणजे संशोधकाला ठरावीक काळापुरता मिळणारा एकाधिकार. भारतात हा काळ २० वर्षांचा आहे. संशोधनाचा खर्च भरून निघावा, हा त्यामागील हेतू. परंतु स्पर्धक नसल्याने किंमत बहुतांशी उत्पादकाच्या हाती राहते. १९७० च्या भारतीय कायद्याने औषधाला नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीला पेटंट दिले. त्यामुळे देशी कारखान्यांनी वेगळ्या पद्धतींनी तीच औषधे स्वस्तात बनविली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागले.

तरीही कायद्याने एक वाट मोकळी ठेवली. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील 'नेक्सावार' या बायर कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. महिन्याची किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी आणि विक्रीच्या ६ टक्के मोबदला पेटंटधारकाला द्यावा, अशा अटी होत्या. भारतातील हा पहिलाच सक्तीचा परवाना होय.

दुसरा उंबरठा मान्यतेचा. परदेशी औषध सुरक्षित व गुणकारी असल्याचे येथेही सिद्ध करावे लागते. अनेकदा येथील रुग्णांवर पुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात. ही दक्षता आवश्यकच आहे. मात्र दुर्मीळ रोगांचे रुग्ण थोडे असतात. खर्च वसूल होणार नाही असे दिसल्यास कंपनी अर्जच करीत नाही. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये, अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघ येथे मान्य झालेल्या काही प्रकारच्या औषधांना स्थानिक चाचण्यांतून सूट देण्याची तरतूद झाली. दुर्मीळ रोगांवरील औषधे त्यांत येतात. यामुळे वेळ व खर्च वाचतो. किंमत मात्र आपोआप उतरत नाही.

संशोधकाला मोबदला मिळाला नाही, तर उद्याचे औषध निर्माण होणार नाही. रुग्णाला परवडले नाही, तर आजचे औषध असून नसल्यासारखेच. या दोहोंचा मेळ घालणे, हीच कायद्याची कसोटी आहे.

शब्दार्थ
एकाधिकार – केवळ एकाकडे असलेला हक्क
सक्तीचा परवाना – पेटंटधारकाच्या संमतीवाचून शासनाने दिलेली उत्पादनाची परवानगी

पाठगत प्रश्न
१. १९७० च्या कायद्यामुळे औषधे स्वस्त का झाली?
२. दुर्मीळ रोगांवरील औषधांसाठी कंपन्या अर्ज का करीत नाहीत?
३. 'मान्यतेची दक्षता आवश्यकच आहे.' आपले मत सकारण लिहा.