२५ टक्के जुळलं, पण नातं कोणतं?

प्रश्न : अमेरिकेतल्या भाचीच्या घरगुती डीएनए चाचणीत २५ टक्के जुळणारी अनोळखी बाई निघाली. सावत्र बहीणच ना?

उत्तर : घाई नको. सावत्र बहीण, आत्या, मावशी, आजी, सगळ्यांशी डीएनए सरासरी तेवढाच जुळतो. आकडा जवळीक सांगतो, नातं नाही. आधी त्या बाईंचं वय पाहा. मग भाचीच्या आईची चाचणी करा: तिच्याशीही भरघोस जुळलं तर धागा आईकडचा, नाहीतर वडिलांकडचा. ‘नमुने बदलले असतील’ ही शंका हटकून निघते. पण तसं असतं तर चाचणी केलेली ओळखीची मावसभावंडं जुळणाऱ्यांच्या यादीत दिसलीच नसती. मामेबहिणीशी लग्नं होणाऱ्या घराण्यांत आकडा थोडा फुगतो खरा, तरी परकी बाई २५ टक्क्यांवर पोचत नाही. त्या बाईंना कळवण्याआधी मात्र भाचीच्या आईवडिलांशी बोला. थुंकीची नळी भरताना त्यांना बहुधा कुणी विचारलं नसेल.