काळ्या रेघांचा नकाशा

इ. स. १८५४ चा ऑगस्ट महिना संपत आला होता. लंडन शहराच्या सोहो भागात अकस्मात पटकीची साथ उद्भवली. अवघ्या दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. लोक घरेदारे सोडून पळू लागले.

ही साथ आली कोठून? दुर्गंधीयुक्त हवेमुळे पटकी होते, असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानीत. पूर्वी प्लेगने मेलेल्यांना जेथे पुरले होते, ती जमीन गटारांसाठी उकरली गेल्याने विषारी हवा पसरली, अशी लोकांत बोलवा होती. गटारांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे अभियंता एडमंड कूपर यांनी मृत्यू घडलेली घरे नकाशावर दाखविली. त्या दफनभूमीपाशी मृत्यूंची दाटी नव्हती. गटारांवरील आळ टळला. पण दुर्गंधीवरील विश्वास ढळला नाही. कूपर यांनी घरांतील घाणीला दोष दिला.

डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघर चौकशी केली. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती. पुढे त्यांनीही नकाशा काढला. त्यात प्रत्येक मृत्यूसाठी एकेक काळी रेघ होती आणि पाण्याचे पंपही दाखविलेले होते. त्या पंपाभोवती रेघांची गर्दी दिसत होती.

तरीही दोन गोष्टी रेघांवरून उमगत नव्हत्या. पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. तेथील सत्तर कामगारांपैकी एकही दगावला नाही. ते बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा पटकीने मरण पावली. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी तिला आवडे, म्हणून ते ती रोज मागवीत असे!

स्नो १८५८ मध्ये वारले. त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले, ते त्यानंतर.

आजही पुराचे आणि दूषित हवेचे नकाशे निघतात. आपले घर लाल रंगात दिसले, की माणूस धास्तावतो. रंगाबाहेर दिसले, की निर्धास्त होतो. हॅम्पस्टेडची वृद्धाही रेघांच्या गर्दीपासून दूरच होती. संकट कोठे आहे, हे नकाशा सांगतो. ते का आहे, हे दारोदार जाऊन विचारावे लागते.

स्वाध्याय
१. मृत्यू तेच असूनही कूपर व स्नो यांचे निष्कर्ष वेगळे का झाले?
२. कारखान्यातील कामगार का वाचले?