जुने कोरीवकाम : दुरुस्त करावे की तसेच ठेवावे?

पुष्कळ गावांत जुने वाडे आहेत. त्यांचे खांब सागाचे. दारावर गणेशपट्टी, चौकटीवर वेलबुट्टी, खांबावर कमळ. हे काम आजे-पणज्यांनी करवून घेतले. आज कुठे वेल तुटली आहे, कुठे वाळवी लागली आहे. मग घरात वाद होतो. एक भाऊ म्हणतो, "नवे बसवू, रंग देऊ." दुसरा म्हणतो, "हात लावू नका." खरे कोणाचे? ठरवण्याआधी आपण तीन गोष्टी पाहू या.

पहिली गोष्ट. त्या लाकडावर घराचा भार आहे का? खांब बहुधा तळखड्याजवळ कुजतो. तिथे दाभण टोचून पाहा. दाभण सहज आत गेले, तर लाकूड पोकळ झाले आहे. मग थांबू नका. धिरा द्या आणि जाणता सुतार बोलवा. घरच बसले, तर कोरीवकाम कुठे राहणार?

दुसरी गोष्ट. नुकसान वाढते आहे का? लाकूड झटकून खाली काळा कागद पसरा. आठ-पंधरा दिवसांनी ताजा भुसा पडलेला दिसला, तर आत किडा असावा. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी. वाळवीला ओल लागते. म्हणून आधी गळके कौल बदला. ओल राहिली, तर दुरुस्तीचा पैसा पाण्यात जातो.

तिसरी गोष्ट. तुटलेला भाग कसा होता, हे नक्की ठाऊक आहे का? वेलीचे एक पान गेले आणि शेजारी तसेच पान आहे, तर सुतार ते कोरील. पण गणपतीचा हात मोडला, हातात काय होते ते कोणालाच आठवत नाही, तर अंदाजाने कोरू नये. तो हात आजोबांचा नव्हे, आपला होईल. अशी मूर्ती आहे तशीच जपावी.

दुरुस्ती ठरलीच, तर एवढे सांभाळा. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा घ्या. बारीक जोड सरसाने लावा. सरस ऊन पाण्याने सुटतो, म्हणजे चुकले तर सुधारता येते. लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूड फाडतो. काचकागदाने घासू नका, नक्षीची धार जाते. ऑइल पेंट चोपडू नका, बारीक रेघा बुजतात. पडलेले तुकडे फडक्यात बांधून ठेवा. कुठला तुकडा, ते चिठ्ठीवर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते!

पुण्याला गेलात, तर विश्रामबाग वाडा पाहा. तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा, १८०७ च्या सुमाराचा. त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही लोक थांबून पाहतात.

प्रश्न
१. खांब पोकळ झाला, हे कसे ओळखाल?
२. गणपतीचा मोडलेला हात अंदाजाने का कोरू नये?
३. तुमच्या घरी जुने कोरीवकाम आहे का? त्याचे काय करावे, ते चार ओळींत लिहा.