प्रसूती वॉर्डात जाण्याआधी आई-वडिलांनी काय जाणून घ्यावे?



माकुणसार, केळवे, सफाळे या बाजूच्या आणि बोईसर-तारापूरच्या वस्त्यांत आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, "सिस्टर, दवाखान्यात नेमके काय करतात? कधी जायचे? आणि हाकलून दिले तर?" बाळंतपणाची भीती कळांची कमी आणि वॉर्डाची जास्त, असे अनेक घरांत दिसते. वॉर्ड कसा चालतो हे आधीच माहीत असेल तर ही भीती निम्मी होते. म्हणून या वेळचा पाठ त्यावर.

आठव्या महिन्यातच ठिकाण ठरवा

सगळ्या सरकारी दवाखान्यांत सगळ्या सोयी नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी, नैसर्गिक प्रसूती होते. सिझर तेथे होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त, हे तिन्ही एका ठिकाणी लागते. आपल्या जिल्ह्यात पालघरचे ग्रामीण रुग्णालय, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय अशी मोठी ठिकाणे आहेत. पण तेथेही भूलतज्ज्ञ त्या रात्री हजर असेलच असे गृहीत धरू नका. म्हणून आठव्या महिन्यात नवरा-बायको दोघांनी जाऊन वॉर्ड पाहून यावे आणि चार गोष्टी विचाराव्यात:

१. रात्री सिझर होते का? नसेल तर कोठे पाठवता?
२. रक्त येथेच मिळते का?
३. आजारी किंवा कमी वजनाच्या बाळासाठी नवजात शिशू कक्ष आहे का, की बाळाला दुसरीकडे न्यावे लागते?
४. कळांच्या वेळी सोबत कोणाला थांबता येते?

ज्या बाईचे आधी सिझर झाले आहे, जुळी आहेत, बाळ आडवे किंवा पायाळू आहे, रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आहे, हिमोग्लोबिन फार कमी आहे किंवा सिकलसेल आहे, तिने प्राथमिक केंद्रावर अवलंबून राहू नये. तिचे नाव आधीच मोठ्या रुग्णालयात नोंदवावे. सिकलसेलची तपासणी नवरा-बायको दोघांनी करून घ्यावी. हा आजार आदिवासी बांधवांत जास्त दिसतो, तसा आपल्या समाजातही आढळतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

रस्त्याचा विचार आधी

नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवतीला कासा येथून सिल्वासाला पाठवण्यात आले. वाटेतच तिचा आणि बाळाचा जीव गेला. ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, अशा बातम्या तेव्हा सर्व वृत्तपत्रांत आल्या. आपल्या जिल्ह्यात अंतर हाच मोठा शत्रू आहे. रात्री उशिरा लोकल मिळत नाही, पावसात रस्ते तुंबतात. म्हणून १०२ आणि १०८ हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, आणि त्यावर विसंबून न राहता वस्तीतील एका रिक्षा किंवा जीपवाल्याला आधीच सांगून ठेवा. दुसरीकडे पाठवताना तीन गोष्टी मागा: रेफरची चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला केलेला फोन आणि गाडीत सोबत नर्स किंवा डॉक्टर.

कधी निघायचे?

पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ येऊ लागली, कळ मिनिटभर टिकू लागली आणि असे तासभर चालले, तर वेळ झाली. घर लांब असेल किंवा दुसरे-तिसरे बाळंतपण असेल तर त्याही आधी निघा. पुढीलपैकी काहीही दिसले तर कळांची वाट न पाहता लगेच निघा: अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड-हात सुजणे, झटके, ताप.

एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी किंवा गल्लीतल्या डॉक्टरकडे कधीही घेऊ नका. त्याने कळा फार जोरात येऊन गर्भाशय फाटू शकते आणि बाळाचा श्वास कोंडू शकतो. ते औषध रुग्णालयातच, बाळाचे ठोके तपासत द्यायचे असते.

वॉर्डात काय होते?

केसपेपर झाल्यावर रक्तदाब, नाडी, पोट आणि बाळाचे ठोके तपासतात. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. मग आतून तपासून गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते पाहतात. ५ सेंटिमीटरनंतर कळांचा खरा जोर धरतो, पूर्ण उघडणे म्हणजे १० सेंटिमीटर. पहिल्या वेळी याला कित्येक तास लागतात. त्यामुळे "अजून वेळ आहे" असे सिस्टरने म्हटले म्हणजे दुर्लक्ष केले असे नव्हे. मात्र ठोके अधूनमधून तपासलेच पाहिजेत. ते तपासले जात नसतील तर नम्रपणे, पण स्पष्ट विचारा.

या काळात बाईने उताणे पडून राहण्याची गरज नसते. काही अडचण नसेल तर चालावे, कुशीवर वळावे, पाणी आणि हलके अन्न घ्यावे. पोटावर जोराने दाब देऊन बाळ ढकलणे धोक्याचे आहे. प्रत्येकीला खालून छेद देणे, केस काढणे, एनिमा देणे हेही आता आवश्यक मानले जात नाही. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक स्त्री सोबत ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ पासून मान्यता दिली आहे. जिथे आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येते. म्हणून सोबत कोण जाणार हे आधीच ठरवा: आई, सासूबाई, जाऊ किंवा आशाताई. घाबरवणारी नको, धीर देणारी हवी.

बाळ बाहेर येताच आईला एका मिनिटात रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन देतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासात चीक पाजावा. मध, घुटी, साखरपाणी नको. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब प्रतिबंधक लस वॉर्डातच घेऊन कार्डावर लिहून घ्या. साध्या प्रसूतीनंतरही किमान ४८ तास थांबा. आई दगावण्याचा मोठा धोका याच वेळात असतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर ताबडतोब सिस्टरला हाक मारा.

हक्क आणि कागद

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. घरातून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडणारी गाडीही मोफत आहे. "मुलगा झाला, पेढ्याचे पैसे द्या" असे कोणी मागितले तर देऊ नका.

जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील मातेला सरकारी दवाखान्यातील प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. "तुम्ही बौद्ध आहात, म्हणून नाही" असे कोणी म्हणाले तर सांगा, १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. त्यासाठी जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका पिशवीत सातव्या महिन्यापासून तयार ठेवा. कागद अपुरे आहेत म्हणून कळा येणाऱ्या बाईला दवाखाना परत पाठवू शकत नाही. कागद मागाहून देता येतात.

सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या. तांबी बसवणे आणि नसबंदी यांसाठी त्या बाईची वेगळी संमती लागते. कळांच्या भरात घेतलेली सही ही संमती नव्हे. वॉर्डात एकेरी बोलणे, शिवी, चापट हा उपचाराचा भाग नाही. तसे झाले तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १०४ या आरोग्य मदतवाहिनीवरही सांगता येते. एकटीने जमत नसेल तर महिला मंडळाने सोबत जावे.

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या भगिनींनी हेही ध्यानात ठेवावे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, मातेला प्रसूतीआधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे. ठेकेदाराकडे असलेल्या कामगार स्त्रीलाही हा हक्क आहे. पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जात असेल तर हा लाभ कामगार विमा महामंडळाकडून मिळतो, त्याचे नियम तेथे विचारून घ्या. पगाराची चिठ्ठी जपून ठेवा.

घरी आल्यावर

रुग्णालयातून डिस्चार्ज कार्ड घ्या आणि जन्माची नोंद २१ दिवसांत करा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा फार गरम असेल, श्वास जोरात चालत असेल, पहिल्याच दिवशी पिवळे दिसत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले असतील, तर नजर उतरवत बसू नका, दवाखाना गाठा.

हा पाठ बायकांनी वाचावा तितकाच नवऱ्यांनीही वाचावा. येत्या रविवारी विहारात वाचून दाखवा आणि वस्तीत कोण कोण गर्भवती आहे, तिची गाडी आणि सोबतीण कोण, याची यादी तेथेच करा.

जयभीम!