पात्याला झुकू दे

वाडी, नागपूर
रविवार, 8 जून 2025

चि. समीर,

तू पाठवलेले फोटो मामीनं मोठे करून दाखवले. जुनी पिकअप, तिच्या तोंडाशी बर्फ ढकलायचं साडेसात फुटी पातं, आणि पात्यावर गंजाचे पापुद्रे. पिवळा रंग द्यावा की लाल, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर देतोच. पण निरोपाच्या शेवटी तू एक ओळ लिहिलीस, की पातं सारखं पुढे कलंडतं, म्हणून तिथला एक वेल्डर ते मागच्या फ्रेमला कायमचं जोडून देतो म्हणतोय. समीर, ते करू नकोस. पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं ऐक.

पात्यामागच्या त्या जाड स्प्रिंगा कलंडण्यासाठीच आहेत. बर्फाखाली काय दडलंय हे चालवणाऱ्याला दिसत नाही. गटाराचं झाकण असेल, फुटपाथची कड असेल. खालची धार त्यावर आदळली की स्प्रिंगा ताणल्या जातात, पातं वरून पुढे झुकतं, धार अडथळ्यावरून सरकते आणि स्प्रिंगा पात्याला पुन्हा उभं करतात. जोडून टाकलंस तर तो धक्का जाणार कुठे? आधी फ्रेमला, मग चासीला, आणि शेवटी स्टिअरिंगवर तुझ्या छातीला.

तू म्हणशील, मामा, तुमच्या डोझरची पाती तर पक्कीच असतात. खरं आहे. दिघीला शिकून मी ग्रेफमध्ये, म्हणजे सीमा सडक संघटनेच्या दलात, मेकॅनिक झालो आणि तीन हिवाळे सोनमर्गच्या बाजूला काढले. तिथली झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांहून उंच. तेव्हा ती खिंड वर्षातले पाच-सहा महिने बंद असायची. यंदा सीमा सडक संघटनेनं ती 32 दिवसांत, 1 एप्रिलला, उघडली. सोनमर्गकडून तिचा बीकन प्रकल्प आणि द्रासकडून विजयक प्रकल्प, अशी दोन्ही तोंडांनी बर्फ कापत माणसं मध्ये भेटतात. तिथे डोझर माणसाच्या चालीनं सरकतो आणि त्याचं वजन कित्येक टन असतं. अडथळा आला तर एक तर तो उखडतो, नाही तर साखळीपट्टा जागीच फिरतो. तुझी पिकअप हलकी आणि वेगात असते. डोझरचा नियम तिला लावू नकोस.

मग पातं सारखं का कलंडतं? आधी खालची पट्टी बघ. आपल्या आजोबांच्या वावरात वखर होता, आठवतो का? तुम्ही तिकडे बर्फाच्या या पात्याला नांगर म्हणता, पण ते खरं तर वखर आहे. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो. वखराची पास वरचा थर खरवडत जाते. पास झिजली की आजोबा ती लोहाराकडे पाजवायला न्यायचे. लाकडाला माती लागेपर्यंत त्यांनी कधी वाट पाहिली नाही. तुझ्या पात्याच्या खालची बोल्टांनी बसवलेली पट्टी म्हणजे ही पास. ती झिजण्यासाठीच असते, पण तिची झीज बोल्टांजवळ आली की बदलायचीच. नाही तर मूळ पात्याचं लोखंड रस्त्याला घासतं, आणि मग दुरुस्ती पट्टीच्या कितीतरी पट महाग पडते. वाकडीतिकडी झिजलेली पट्टी रस्त्यात अडकते आणि पातं विनाकारण कलंडतं. नंतर स्प्रिंगा बघ. एखादी तुटली असेल किंवा दोन्हींचा ताण सारखा नसेल. पातं सरळ उभं असताना वेटोळी एकमेकांपासून नुकतीच सुटलेली दिसावीत, एवढाच ताण पुरे. जास्त आवळलीस तर ते वेल्डिंग केल्यासारखंच झालं. आणि ताणलेल्या स्प्रिंगेचा आकडा हातानं काढायला जाऊ नकोस; आधी ताणाचा नट पूर्ण सैल कर, तोंड बाजूला ठेव.

आता गंज. इकडे गंजाचं राज्य पावसाळ्यापुरतं. रत्नागिरीकडून आलेला ट्रक मात्र पत्र्याच्या कडा ठोकून बघितल्याशिवाय मी कधी हाती घेतला नाही, कारण खारी हवा आतून खाते. तुमच्या अमेरिकेतल्या बफेलोत तर बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात. ते मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसतं. वरून रंग मारला तरी ते रंगाखाली ओल ओढत राहतं आणि पहिल्याच हिवाळ्यात फोड येतात. म्हणून ग्राइंडर लावण्याआधी पातं साध्या पाण्यानं भरपूर धू, घासून झाल्यावर पुन्हा धू, आणि पूर्ण वाळव. मग उजळलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नकोस. प्रायमर त्याच दिवशी चढला पाहिजे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासताना चांगला मास्क लाव, आणि ती धूळ मुलं खेळतात तिथे झटकू नकोस.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. नोकरी सुटल्यावर मी काही वर्षं एका गॅरेजमध्ये रंगकाम केलं. कोळशाचा एक टिपर आला होता. मागच्या बिजागरीच्या वेल्डिंगजवळ केसासारखी एक रेघ मला दिसली होती. मालकाला गाडी संध्याकाळी हवी होती. मी त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला आणि त्यावर इतका सुंदर रंग दिला की लोक बघायला थांबले. तीन आठवड्यांनी भरलेली हौदी उचलताना बिजागरी तिथूनच फाटली. क्लीनर दोन पावलं बाजूला होता म्हणून वाचला. ती रेघ मला आजही दिसते. तुझ्या पात्याच्या मागच्या फासळ्या, मधला मोठा बोल्ट आणि पिनांची भोकं उघड्या लोखंडापर्यंत साफ कर आणि उजेडात बघ. भोक अंडाकृती झालं असेल तर तिथे नवा बुश हवा. रेघ सापडली तर ती खोदून काढून मगच वेल्डिंग भर. लांबी या यंत्रावर कुठेच नको.

रंगाचं माझं मत असं. पिवळा दे, पांढऱ्या बर्फात तो लांबून दिसतो. दोन डब्यांचे हार्डनरवाले रंग फार टिकतात, पण फवारताना त्यांची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि धुळीचा मास्क तिला अडवत नाही. घरच्या गॅरेजमध्ये फवारा नको. एका डब्याचा चांगला इनॅमल ब्रशनं मार, दोन पातळ हात. पुढची बाजू जितकी गुळगुळीत, तितका बर्फ तिथून सहज घसरतो. म्हणून दोन हातांच्या मध्ये बारीक पेपर फिरव. नागपुरात मी मे महिन्यात पहाटे रंग द्यायचो, दुपारी दिला की वरची साय आधी वाळायची आणि आत बुडबुडे राहायचे. तुझी अडचण उलटी आहे. दहा अंशांच्या खाली बरेचसे रंग नीट धरत नाहीत. शिवाय लोखंड हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवं, नाही तर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो. पिना, स्प्रिंगा आणि जॅकचे चकचकीत दांडे यांना रंग लागू देऊ नकोस.

त्या दांड्यांवर उन्हाळ्यात ग्रीसचा थर हवा. दांड्याला गंजाचा एक खड्डा पडला की तो प्रत्येक फेरीला ऑइल सील कापतो. जॅकचं तेल दरवर्षी बदल, कारण आत दमटपणाचं पाणी साठतं आणि ऐन थंडीत पंपात गोठतं. होज पाइप गळतोय का हे बोटानं चाचपू नकोस. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठा धरून बघ. उचललेल्या पात्याखाली तर कधीच जायचं नाही. काम करताना पातं जमिनीवर, नाही तर भक्कम घोडीवर.

आणि गाडीचा विचार कर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबा बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, कारण वर्षभर जू त्याच खांद्यांवर असायचं. तुझ्या पिकअपचे खांदे म्हणजे पुढचे बॉल जॉइंट आणि एक्सल. पातं लावण्याआधी त्यांना हलवून बघ, आणि मागच्या हौद्यात वाळूची पोती बांध, म्हणजे भार एकट्या पुढच्या चाकांवर येणार नाही.

यंदा पोळा 22 ऑगस्टला आहे. तोवर घासून, धुऊन, प्रायमर होऊ दे. दसरा 2 ऑक्टोबरला, तेव्हा रंगलेल्या पात्याची पूजा कर. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात तुमच्या गावात माणसं गाडीत अडकून गेली होती, त्या बातम्या आम्ही इथे जीव मुठीत धरून बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचा रस्ता तू मोकळा करतोस हे ऐकून तुझ्या आईचे डोळे भरून आले होते.

इथे आज मृग लागला, पण आकाश कोरडंच आहे. वेल्डरला उद्याच नाही म्हणून सांग. आणि प्रायमर लावायच्या आधी मधल्या बोल्टच्या भोकाचा जवळून काढलेला फोटो मला पाठव, माझं उत्तर येईपर्यंत डबा उघडू नकोस.

तुझा,
मामा