टाके काढायला कोण येणार?

आता हे दोऱ्यांचं कपाट तुझं. सर्जरी तुला मी काय शिकवणार, बेटा? दुर्बिणीतून पित्ताशय काढतेस ते माझ्या हाताला कधी जमलं नाही. पण शिरपुरात चाळीस वर्षं टाके घातले आणि काढले, त्यातलं थोडं कानात सांगून ठेवतो. मामीचा चहा होईपर्यंत बस.

पहिली गोष्ट माझ्याच चुकीची. दिवाळी नुकतीच झालेली. बोराडीच्या वरच्या पाड्यावरचा एक पावरा गडी नडगीवर कोयता लागून आला. स्वच्छ, सरळ जखम. मी थ्री झिरो नायलॉननं आठ टाके घातले. इतके सुबक, की सिस्टरला बोलावून दाखवले. बाराव्या दिवशी ये म्हणालो, त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातला गेला आणि परत आला तो होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराला. चार महिने! गाठी कातडीखाली रुतलेल्या, दोन टाक्यांतून पू. प्रत्येक गाठ उकरून काढायला अर्धा तास लागला. गडी ओठ दाबून बसला होता. शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंच नाही, कुठं जाणार म्हणून."

तेव्हापासून दोरा हातात घेण्याआधी मी विचारतो, उद्या कुठं जाणार? टाके काढायला कोण येणार, आणि कशानं येणार? पुस्तक दोऱ्याची निवड ऊतकापासून सुरू करतं. आपल्याकडे ती एस.टी.च्या वेळापत्रकापासून सुरू होते. माणूस परत यायची खात्री नसेल आणि जखम स्वच्छ असेल, तर कातडीच्या आतून मोनोक्रिलचा टाका घे, काढायची भानगडच नाही. किंवा वरून व्हिक्रिल रॅपिड घाल. पाचव्या दिवशी त्याचं बळ निम्मं होतं, दहा-चौदा दिवसांत संपतं, टाके आपोआप गळतात. लहान मुलांनाही तोच. टाके काढताना चौघांनी पोराला धरायचं, हे दृश्य मला म्हातारपणी बघवत नाही.

मग जखमेची मुदत बघ. प्रत्येक जागेला आधार किती दिवस लागतो, ते वेगळं. चेहऱ्याला चार-पाच दिवस पुरतात, त्याहून जास्त ठेवलेस तर शिडीसारखे वण उठतात. डोक्याला सात ते दहा, हातापायाला दहा ते चौदा. गुडघ्यावर, तळव्यावर आणि पाठीवर पूर्ण चौदा. आतल्या दोऱ्याचंही असंच गणित. साधं कॅटगट आठवडा-दहा दिवसांत ढिलं पडतं, क्रोमिक दोन आठवडे कसंबसं धरतं. व्हिक्रिलमध्ये तिसऱ्या आठवड्याला निम्मं बळ उरतं, पी.डी.एस.मध्ये चौथ्या आठवड्याला. पी.डी.एस. पूर्ण विरायला सहा महिने घेतो. आतडं लवकर सांधतं, पोटाच्या शीथला बळ धरायला महिने लागतात. म्हणून लॅपरोटॉमी बंद करताना कॅटगटला हात लावू नकोस. पोट टरारलेलं, पेशंट खोकतोय आणि तुझा दोरा तिसऱ्या आठवड्यात विरघळलाय, असं व्हायला नको.

पोट बंद करताना आणखी एक. लहान घास, जवळजवळ टाके. नेदरलँड्समध्ये 560 पेशंटांवर अभ्यास झाला, 2015 साली छापून आला. पाच मिलिमीटरचा घास आणि पाच मिलिमीटरचं अंतर ठेवलं, तेव्हा वर्षभरानं व्रणातला हर्निया 13 टक्क्यांना झाला. जुन्या पद्धतीच्या मोठ्या घासात 21 टक्क्यांना. आम्ही सेंटिमीटरचे घास घेत वाढलो, मलाही पटायला वेळ लागला. आणि छेदाच्या किमान चौपट दोरा आत गेला पाहिजे. वीस सेंटिमीटरचा छेद असेल तर ऐंशी. उरलेला दोरा सिस्टरला पट्टीवर मोजायला सांग, पाकिटावरच्या लांबीतून वजा कर. दोरा फार उरला, तर तू ओढून शिवलंस. तुझी आजी गोधडी शिवताना म्हणायची, दोरा ओढला की पोत चुणतं. शीथ चुणली की तिचं रक्तच बंद होतं.

कॅटगटला मात्र तुच्छ लेखू नकोस. तुम्ही नवे लोक त्याचं नाव काढलं की नाक मुरडता. मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेंढीच्या नाहीतर गुरांच्या आतड्याच्या पदरापासून होतं ते. एका माळकरी बाबांनी मला विचारलं होतं, "हा दोरा कशाचा?" मी खरं सांगितलं. बाबा जरा थांबून म्हणाले, "मग दुसरा वापरा." वापरला. कुणी विचारलं तर खोटं सांगू नकोस. गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीनं युरोपनं 2001 मध्ये ते बंद केलं, आपल्याकडे अजून चालतं. सिझरच्या वेळी गर्भाशयाला क्रोमिक की व्हिक्रिल, या आणि अशाच आणखी काही प्रश्नांवर मिळून भारतासह सात देशांत पंधरा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, 2013 मध्ये आला, आणि सुरुवातीच्या निकालांत दोन्ही दोरे सारखेच निघाले. बाळंतिणीच्या खालच्या टाक्यांना मात्र व्हिक्रिलच वापर. कॅटगटनं तिथे जास्त दुखतं, आणि बसताना दुखतं ते बाळाला पाजणाऱ्या बाईलाच ठाऊक.

आता घाण. आपल्याकडच्या जखमा पुस्तकातल्या नसतात. मळणी यंत्रात गेलेला हात येतो, कडबाकुट्टीत गेलेली बोटं येतात. बैलाचं शिंग मांडीत घुसलेला माणूस, सातपुड्यात अस्वलानं डोकं फाडलेला, आग्रा रोडवर ट्रकखालून काढलेला, सगळे येतात. अशा जखमेत गुंफलेला दोरा, म्हणजे सिल्क किंवा व्हिक्रिल, शक्यतो ठेवू नकोस. समईची वात तेल कशी वर ओढते? गुंफलेला धागा जंतू आणि ओल तशीच आत ओढतो. एकधागी असलेलं बरं, नायलॉन किंवा प्रोलीन. नायलॉनला मात्र आपल्या वळणाची आठवण राहते, गाठ सुटू पाहते. सिल्कला तीन गाठी पुरतात, नायलॉनला पाच-सहा दे.

त्याहून महत्त्वाचं सांगतो, अशी जखम पहिल्या दिवशी शिवूच नकोस. सलाईननं भरपूर धू, मेलेलं मांस काढ, धनुर्वाताचं बघ, ओलं गॉज भरून उघडी ठेव. चौथ्या-पाचव्या दिवशी लालबुंद, स्वच्छ दिसली की मग शीव. नातेवाईक म्हणतील, "डॉक्टरनं टाकेच नाही घातले!" म्हणू देत. मी एकदा त्यांच्या बोलण्याला बळी पडलो, मळणीतला हात शिवला, आणि तिसऱ्या दिवशी सगळे टाके काढून वास मारणारी जखम उघडावी लागली. कुत्रा चावला असेल तर आधी पंधरा मिनिटं साबण आणि पाणी, मग लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. टाका अगदी अटळ असेल तरच, इम्युनोग्लोब्युलिननंतर, एखाद-दुसरा, सैल. यात कुणाच्या आग्रहाला बधू नकोस.

हे काही आपण शोधलेलं नाही. विष किंवा क्षार लागलेली, आत शल्य राहिलेली जखम तशीच शिवू नये, असं सुश्रुतानं सांगून ठेवलंय. सुया सुद्धा त्यानं जागा बघून दिल्या: मांस कमी तिथे आणि सांध्यावर दोन बोटांची गोल, मांसल जागी तीन बोटांची तिधारी, मर्मावर आणि पोटावर धनुष्यासारखी वाकडी. तू आज मागतेस त्या राउंड बॉडी, कटिंग आणि कर्व्हड सुयांचंच हे वर्णन. दोऱ्यांच्या यादीत त्यानं अश्मंतकाची साल धरली आहे. अश्मंतक म्हणजे आपला आपटा, दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तो.

सुई घेताना पाकिटावरचं चित्र बघ, सिस्टर काय देते त्यावर विसंबू नकोस. त्यावर सुई खऱ्या मापाची छापलेली असते. वर्तुळात टिंब म्हणजे राउंड बॉडी, ती आतड्याला, शीथला. त्रिकोण म्हणजे कटिंग, कातडीला. रात्री दोन वाजता आतड्यात कटिंग सुई गेली, तर प्रत्येक छिद्र गळतं. सुई धर ती दोऱ्याकडून एक तृतीयांश अंतरावर. टोकाशी धरलीस तर वाकेल, आणि वाकलेली सुई पुन्हा सरळ करून वापरलीस तर आत मोडेल.

सुई झाली, पुन्हा दोऱ्याकडे. सिल्क ड्रेन बांधायला छान. मूत्राशयात किंवा पित्तनलिकेत मात्र न विरणारा दोरा ठेवू नकोस, त्याच्यावर खडे धरतात.

माझ्या सुरुवातीच्या काळात रिळाचा सुती दोरा आणि लिननचा दोरा ऑटोक्लेव्ह करून रक्तवाहिन्या बांधायचो. सूतगिरणीच्या गावात कापसाच्या दोऱ्यानं ऑपरेशन, यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. सुती दोरा ओला झाला की उलट थोडा मजबूत होतो. गुंफलेलाच तो, त्यामुळे घाण जखमेत कामाचा नाही, पण स्वच्छ जागी कधी दगा दिला नाही. किंमत बघून दोरा वाईट ठरवू नकोस आणि चांगलाही ठरवू नकोस. एम.आर. महागडं पाकीट देईल, वर डायरी देईल. डायरी घे, पाकिटाबद्दल एवढंच विचार की हा दोरा किती दिवस धरतो.

किंमत आणि गुण वेगळे कसे करायचे, ते शिकायला लांब जायला नको. तापी ओलांडली की दोंडाईचा. तिथले डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियाला जाळी घातली तर तो उलटत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं, पण तयार जाळीची किंमत हजारांत, आणि मिरची तोडणाऱ्या मजुराकडे ती कुठून यायची? टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं. लोकांना ते ऐकून हसू येतं. हसण्याआधी त्यांनी काय पाहिलं ते बघ. ते कापड पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनच्या धाग्याचं होतं, म्हणजे तयार जाळीच्याच कुळातलं. त्याचे गुण तपासले, वापरलं, इतर गावांतल्या सर्जनांना सोबत घेतलं, आणि 2003 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त सगळं मांडलं. पुढे युगांडात 302 पुरुषांवर तुलना झाली. एका गटाला एक डॉलरच्या घरातली पॉलिइथिलीनची मच्छरदाणी, दुसऱ्याला शंभरावर डॉलरची जाळी. वर्षभरात एका गटात एक हर्निया उलटला, दुसऱ्यात एकही नाही. 2016 साली हे 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, उगाच दोन पेढे खाल्ले.

याचा अर्थ तू उद्या बाजारातून मच्छरदाणी आणून कापावीस, असा नाही. बाजारातल्या बऱ्याच पॉलिएस्टरच्या असतात, काहींना कीटकनाशक लावलेलं असतं. ती पोटात गेली तर काय होईल याचा विचारच करू नकोस. टोणगावकरांनी कापड कशाचं आहे हे आधी बघितलं, ते लक्षात ठेव. आज तयार जाळ्या तेव्हापेक्षा सहज मिळतात. पण जाळी घेताना धागा कशाचा, भोकं किती मोठी, एकधागी आहे का, एवढं विचारत जा.

गोंद, स्टेपल आणि चिकटपट्ट्या यांचं थोडक्यात. पोराच्या कपाळावरची छोटी, सरळ, न ताणलेली चीर असेल तर गोंद छान, फक्त डोळ्यात ओघळू देऊ नकोस आणि सांध्यावर लावू नकोस. डोक्याला स्टेपल पटकन होतात, पण काढायचं यंत्र गावच्या पी.एच.सी.त असेलच असं नाही, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न, कोण काढणार? केस लांब असतील तर दोन्ही बाजूंचे केस पिळून वर गोंदाचा थेंब टाकलास तरी चीर मिटते. घामात चिकटपट्ट्या टिकत नाहीत, आणि शिरपूरचा मे महिना तुला माहीत आहे.

त्या महिन्यावरून आठवलं. व्हिक्रिल पंचवीस अंशांच्या वर ठेवायचा नसतो, आणि ओलीनं तो विरघळायला लागतो, शरीरात विरघळतो तसाच. म्हणून हे कपाट भिंतीच्या सावलीच्या बाजूला आहे, पत्र्याखाली नाही. फ्रीजमध्ये कोंबू नकोस, कॅटगट तर मुळीच गोठवू नकोस. फोडलेलं पाकीट "उद्या वापरू" म्हणून टेपनं बंद करून ठेवायची कंपाउंडरची सवय मी मोडली होती. तू आलीस की पुन्हा सुरू होईल, लक्ष ठेव.

आणि पेशंटला द्यायचं कार्ड. परवा पळासनेरकडची आजी विचारत होती, "टाका कव्हय काढशात, साहेब?" तिला तारीख सांगून उपयोग नाही. तिच्या गावचा आठवडे बाजाराचा वार विचार, आणि सांग, दुसऱ्या बाजाराला ये. कार्डावर वारच लिही. पाकिटावर दोऱ्याचं नाव आणि नंबर असलेला स्टिकर असेल तर तो कार्डाला चिकटव, नसेल तर हातानं लिही. टाके किती घातले तेही लिही, म्हणजे सांगवीच्या दवाखान्यात नाहीतर सुरतेकडच्या उसाच्या फडाजवळ कुणी काढले, तरी एकही मागं राहणार नाही. मग कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे. खिशातल्या घामानं शाई जाते.