फाटकावरची पंधरा मिनिटे



या पानावर आम्ही एरवी अभ्यास, परीक्षा, शुद्धलेखन यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वर्गातला नाही, फाटकाबाहेरचा आहे. आपली मुले शाळेत येतात कशी आणि घरी जातात कशी? शाळेच्या दोन बस पुढच्या सत्रात चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत यायचा आहे. त्याआधी सर्वांनी थोडा हिशेब करून पाहावा म्हणून हे लिहितो आहोत. भाषेत कुठे हिंदीची छाया दिसली तर सांभाळून घ्यावे. आमचे बी.ए.पर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी आली ती आईच्या स्वयंपाकघरातून.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी जोराचा पाऊस होता. मुले भिजतील म्हणून पालकांच्या गाड्या आवारात आत घ्यायची परवानगी आम्हीच दिली. पंधरा मिनिटांत आवार भरून गेले. एक गाडी वळवण्यासाठी मागे आली आणि पहिलीतली एक मुलगी तिच्या मागच्या बंपरला लागून पडली. पाठीवर दप्तर होते म्हणून कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले. गाडी चालवणारे आपल्याच एका विद्यार्थ्याचे वडील होते. ते खाली उतरले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्यांचा दोष काढायला आम्हाला जागा नाही. चार फुटांहून कमी उंचीचे मूल गाडीच्या अगदी मागे उभे असेल तर ते काचेतून दिसतच नाही, आरशातही दिसत नाही. पन्नास लहान मुले आणि पंचवीस गाड्या एकाच अंगणात येऊ दिल्या, ती चूक आमची. त्या दिवसापासून पाऊस असो की ऊन, आवारात एकही गाडी आत येत नाही. काही पालक यावर नाराज आहेत हे आम्हाला माहीत आहे.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, कारण शाळा आणि घर एकाच वस्तीत होते. रामबागेतून, नारायणबागेतून मुले पायी यायची. कृष्णपुऱ्याचा पूल ओलांडायचा, वाटेत दोनचार मित्रांना हाका मारायच्या, की आली शाळा. लांबच्या मुलींसाठी तांगा असे. तांग्यात किती मुली बसायच्या ते विचारू नका, पण घोडा काही तासाला साठच्या वेगाने पळत नसे. पुढे काळे टेंपो आले, मग नगरसेवा, मग लुना. आता आपली मराठी कुटुंबे सुदामानगर, राजेंद्रनगर तर सोडाच, बायपासच्या पलीकडच्या कॉलन्यांत राहायला गेली आहेत. शाळा जुन्या जागीच आहे. तरीही हे पालक मुलाला मराठी कानावर पडावी म्हणून दहा दहा किलोमीटरवरून इथे पाठवतात. ही साधी गोष्ट नाही. म्हणून बसचा प्रश्न आम्हाला केवळ वाहतुकीचा वाटत नाही. बस बंद झाली तर लांबचे प्रवेश आधी कमी होतील, आणि आपल्यासारख्या शाळेत वर्गात पाच मुले कमी झाली तरी ते बाके बघून कळते.

नववीच्या मुलांना आम्ही एक आठवडा फाटकाशी वही घेऊन उभे केले होते. कोण कशाने येते ते लिहायचे, बाकी काही नाही. सर्वांत जास्त निघाल्या दुचाक्या. त्यानंतर व्हॅन आणि रिक्षा, मग कार, मग आपल्या बस. पायी येणारे थोडे आणि सायकलवाले त्याहून थोडे. नोंद करणाऱ्या एका मुलाने वहीत शेरा मारला, "सर्वात जास्त हॉर्न कारचे." या शेऱ्याला आम्ही पूर्ण गुण दिले.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. वही काढा.

समजा एका बसमध्ये 40 मुले आहेत. हीच मुले कारने आली आणि एका कारमध्ये दोन मुले धरली तर 20 कार होतात. आपण उदार होऊन दोन धरली, प्रत्यक्षात बहुतेक कारमध्ये एकच असते. एक कार साधारण 4 मीटर लांब, पुढच्या गाडीपासून 1 मीटर अंतर, म्हणजे रांग झाली 100 मीटरची. बस सुमारे 10 मीटर. आपल्या फाटकापासून चौराह्यापर्यंत 100 मीटर जागाच नाही, म्हणून रांगेचे शेपूट चौराह्यात जाते आणि भाजीवाल्यांपासून अँब्युलन्सपर्यंत सगळे अडकतात. प्रत्येक गाडीतल्या मुलांना उतरायला, बाटली विसरली म्हणून परत यायला अर्धे मिनिट लागले, तर 20 गाड्यांना 10 मिनिटे. हे फक्त एका बसच्या मुलांचे झाले.

दुसरे गणित घरी करा. घर शाळेपासून 6 किलोमीटरवर असेल, सकाळी सोडून परत घरी आणि दुपारी आणायला पुन्हा तसेच, तर दिवसाला 24 किलोमीटर. वर्षाचे 200 दिवस धरले तर 4800 किलोमीटर. इंदूरहून कन्याकुमारीला गाडी घेऊन जावे, परत यावे आणि तरी काही उरावे, इतके हे अंतर आहे. त्याचे पेट्रोल बाबांना काढायला सांगा आणि मग बसच्या शुल्काशी ताडून पाहा.

तिसरे गणित आठवीच्या पुढच्यांसाठी, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. चालकाला समोर मूल दिसले आणि त्याने ब्रेक दाबला, तर गाडी जागच्या जागी थांबत नाही. दिसण्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तासाला 20 किलोमीटर वेग असेल तर त्या एका सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. नंतर ब्रेक लागून ती थांबायला, कोरड्या रस्त्यावर, आणखी अडीच मीटर घेते. एकूण 8 मीटर. वेग 40 असेल तर 11 आणि 10, म्हणजे 21 मीटर. वेग 60 असेल तर सुमारे 17 आणि 23, म्हणजे 40 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते, हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकाल तेव्हा सूत्र म्हणून पाठ कराल. आज ते रस्त्यावर मोजून पाहा. आपल्या मैदानात आम्ही चुन्याने 8, 21 आणि 40 मीटरच्या रेघा मारून घेतल्या आहेत. चाळीसची रेघ मैदानात मावली नाही, ती कुंपणापलीकडे जाते. ओल्या रस्त्यावर हे सगळे अंतर आणखी वाढते.

शाळेच्या बसला वेगाची मर्यादा का घातली ते यावरून समजेल. त्यामागे एक दुःखद घटना आहे. 18 नोव्हेंबर 1997 ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून मुलांनी भरलेली बस यमुनेत कोसळली आणि 28 मुले गेली. महिनाभरात, 16 डिसेंबर 1997 ला, सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेत शाळेच्या बसचे नियम घालून दिले. बसवर पुढे मागे ठळक अक्षरांत शाळेची बस असे लिहावे, खिडक्यांना आडव्या पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे सिलिंडर, दाराला पक्के कुलूप, वेग 40 च्या पुढे जाऊ न देणारे यंत्र, सोबत एक परिचारक आणि अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा सिग्नल तोडल्याचे चालान झालेला चालक ठेवायचा नाही. पालकाला बसमध्ये बसून पाहणी करायची असेल तर तो बसू शकतो, हेही त्यात आहे. गेल्या कित्येक वर्षांत आपल्या एकाही पालकाने असे केलेले नाही. जरूर यावे. आमच्या बसकाकांच्या हातचा चहाही मिळेल.

नियम कागदावर असून भागत नाही, हे आपल्या शहराने पाहिले आहे. 5 जानेवारी 2018 ला शाळेतून मुलांना घरी सोडायला निघालेली एक बस कनाडियाजवळ बायपासवर दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर गेली. लहान मुले गेली, चालकही गेला. त्या संध्याकाळी इंदूरमध्ये कुठल्याच घरी नीट जेवण झाले नसेल. त्याच प्रकरणातून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा निर्देश दिले: 12 वर्षांहून जुनी बस मुलांसाठी चालवायची नाही आणि मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षात चालक धरून चारच जण. आपल्या रस्त्यावर सकाळी येणाऱ्या रिक्षा एकदा मोजून पाहा. चालकाच्या दोन्ही बाजूंना एक एक मूल, मागच्या आडव्या फळीवर तीन, दप्तरे बाहेर लटकलेली. ती रिक्षा पालकांनीच ठरवलेली असते, कारण महिन्याला थोडे पैसे वाचतात. मारुती व्हॅनचेही तसेच. गॅसकिटवर चालणारी व्हॅन आणि टाकीच्या वरच्या बाकावर बसलेली मुले पाहिली की आमच्या पोटात गोळा येतो. सर्व व्हॅनवाले वाईट आहेत असे नाही. काही जण मुलांना नातवंडांसारखे सांभाळतात. पण दहाच्या जागी सोळा मुले बसवली की प्रेमाचा उपयोग होत नाही.

बसच्या पिवळ्या रंगाचीही एक हकीकत आहे. मुलांना ती आवडेल. 1939 साली अमेरिकेत फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात एक परिषद बोलावली. शाळेच्या बसचे माप, दारे आणि रंग ठरवायचे होते. पहाटेच्या अंधूक उजेडात काळी अक्षरे त्या पिवळ्यावर सर्वांत स्पष्ट दिसतात, म्हणून तो रंग निवडला गेला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पावणेसातला बस येते तेव्हा त्या निवडीचा अर्थ कळतो.

आता बसच्या विरुद्ध जे बोलले जाते त्यातले खरे किती? बस सगळ्या कॉलन्या फिरत येते, म्हणून पहिल्या थांब्यावरच्या मुलाला तासभर बसावे लागते आणि सहाला उठावे लागते. हे खरे आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी ते कठीणच आहे, आणि त्यांना आई-वडिलांनी आणून सोडले तर आम्ही दोष देणार नाही. बसमध्ये मोठी मुले लहानांना चिडवतात, हेही खरे. म्हणून आता पुढच्या बाकांवर फक्त लहान मुले बसतात आणि मावशी मागे उभ्या असतात. बसमध्ये मुले हिंदीत बोलतात, अशीही एक लेखी तक्रार आमच्याकडे आली. ती सोडवणे मात्र आमच्या हाती नाही. इंदूरची मुले भांडतात हिंदीत, रडतात मराठीत.

विश्वस्तांचा मुद्दा पैशाचा आहे आणि तोही खोटा नाही. विमा, फिटनेस, चालक व मावशींचा पगार, डिझेल, टायर हे सगळे बस अर्धी रिकामी असली तरी तेवढेच लागते. बस रिकामी म्हणून शुल्क वाढते, शुल्क वाढले म्हणून आणखी मुले उतरतात. हे चक्र तोडायचे तर बस भरलेली हवी. आमचा प्रस्ताव असा: एक किलोमीटरच्या आतल्या मुलांनी घोळका करून पायी यावे, सोबत आळीपाळीने एक पालक. मधल्या अंतरावरच्यांसाठी बसचे थांबे कमी करून मुख्य रस्त्यावर आणावे, म्हणजे फेरा लहान होईल. थोडे चालावे लागेल, पण पहिल्या थांब्यावरच्या मुलाचा बराच वेळ वाचेल.

शेवटी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांशी दोन शब्द. मागच्या गल्लीत किराण्याच्या दुकानापाशी स्कूटर लावून तुम्ही शाळेत पायी येता, हे आम्हाला माहीत आहे. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. तुमच्याकडच्या स्कूटर शंभरच्या वर आहेत, म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दुकानदारांना आम्ही विनंती केली आहे. पुढच्या सोमवारपासून तिथे स्कूटर दिसली तर गाडी नाही, पालकांना बोलावू. आणि पालकहो, तुमच्या मागे स्कूटरवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला हेल्मेट हवे. बाबांच्या डोक्यावर आहे आणि मुलाच्या नाही, असे रोज दिसते.

बसच्या नव्या थांब्यांचा नकाशा सूचनाफलकावर लावला आहे. सोबत एक कागद जोडला आहे: घराचा पत्ता, सध्या मूल कशाने येते आणि थांबा पाचशे मीटरवर असेल तर बस घ्याल का, एवढेच तीन प्रश्न. भरून शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावा. बैठकीत आम्ही हेच कागद घेऊन जाणार आहोत.